येवार : एका स्पॅनिश क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातून, सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांतून आणि ताडोब्याला लागून असलेल्या गावांतून स्पॅनिश शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. कुणी कॉलेजात शिकतं, कुणी जंगलात गाईड आहे, कुणाला परदेशी कंपनीचं घरबसल्या काम हवं आहे. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. जिथं जोर चुकला की अर्थ बदलतो, तिथं जोराच्या अक्षरापुढे ऽ हे चिन्ह दिलं आहे.

१. येवार म्हणजे काय? आणि एवढी क्रियापदं असताना हेच काहून शिकायचं?

मूळ अर्थ ‘नेणे’. पण रोजच्या बोलण्यात हेच क्रियापद कपडे अंगावर असणं, पदार्थात काही घातलेलं असणं, एखाद्या गोष्टीला वेळ लागणं, कुणाशी पटणं आणि ‘इतकी वर्षं झाली’ हे सगळं सांगतं. रूपं अगदी सरळ, वापर मात्र भरपूर, म्हणून सुरुवातीला घ्यायला ते उत्तम आहे.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीतून शिकवणाऱ्या ॲपवर स्पॅनिश शिकतात. म्हणजे आधी मराठीचं इंग्रजी आणि मग इंग्रजीचं स्पॅनिश. येवारच्या बाबतीत हा फेरा घेऊ नका. या क्रियापदाच्या कितीतरी वाक्यांची रचना मराठीच्या, त्यातही वऱ्हाडीच्या, जास्त जवळ आहे. प्रश्न ६, ११ आणि १२ पाहा, म्हणजे कळेल.

२. कुणी ‘येवार’ म्हणतं, कुणी ‘जेवार’, एका व्हिडिओत तर ‘शेवार’ ऐकलं. बरोबर कोणतं?

सगळेच बरोबर. शब्दाच्या सुरुवातीला दोन एल आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात आणि मेक्सिकोत त्यांचा उच्चार ‘य’सारखा होतो, कधी थोडा ‘ज’कडे झुकतो. ब्युनोस आयरिसकडची माणसं ‘श’ म्हणतात. अँडीज पर्वतातल्या काही भागांत जुना, ‘ल्य’च्या जवळचा उच्चार अजून टिकून आहे. तुम्ही ‘य’ धरा, तो सगळीकडे समजतो.

मधल्या ‘व’साठी अक्षर व्हीचं आहे. पण स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी यांचा आवाज एकच : बोलण्याच्या सुरुवातीला ‘ब’, स्वरांच्या मध्ये ओठ न मिटता काढलेला मऊ ‘ब’. तो आपल्या कानाला ‘व’सारखा लागतो.

३. ‘नियमित क्रियापद’ म्हणजे नेमकं काय? रूपं सांगा.

शेवटचं ‘आर’ काढलं की ‘येव’ उरतं. हे मूळ कधीच बदलत नाही, फक्त प्रत्यय बदलतात. वर्तमानकाळ असा :

यो येवो – मी नेतो/नेते
तू येवास – तू नेतोस/नेतेस
एल, एया, उस्तेद येवा – तो नेतो, ती नेते, तुम्ही (एकालाच, आदराने) नेता
नोसोत्रोस येवामोस – आम्ही किंवा आपण नेतो
बोसोत्रोस येवाइस – तुम्ही सगळे नेता (फक्त स्पेनमध्ये)
एयोस, उस्तेदेस येवान – ते नेतात, तुम्ही सगळे नेता

हेच प्रत्यय आब्लार (बोलणे), कोंप्रार (विकत घेणे), त्राबाखार (काम करणे) या क्रियापदांनाही लागतात. एक पाठ झालं की शेकडो हाती येतात.

हे क्रियापद आधी असं सरळ नव्हतं. लॅटिनमधल्या ‘लेवारे’, म्हणजे उचलणे, यापासून ते आलं. जुन्या स्पॅनिशमध्ये ते ‘लेवार’ होतं आणि काही रूपांत मूळ बदलून ‘लिएवो’ व्हायचं. त्या ‘लिए’चा आवाज पुढे दोन एलने लिहिला जाऊ लागला, तोच सगळ्या रूपांत पसरला आणि क्रियापद नियमित झालं.

४. मी मुलगी आहे. मला ‘येवो’ सोडून दुसरं रूप आहे का?

नाही. ‘नेतो-नेते’ हा भेद स्पॅनिश क्रियापदात नाही. ‘आम्ही’ म्हणताना मात्र सगळ्या बायकाच असतील तर ‘नोसोत्रास’ म्हणतात, क्रियापद तेच राहतं. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन वेगळे शब्दही तिथं नाहीत. समोरचा धरला आहे की वगळला आहे, हे संदर्भावरूनच कळतं.

५. ‘तू’ तर आपलाच शब्द झाला! मग सगळ्यांना तू म्हटलं तर चालते का?

उच्चार जवळपास आपल्याच ‘तू’सारखा आहे, आणि वापरही : मित्र, घरचे, लहान मुलं. अनोळखी पर्यटक, वयाने मोठी माणसं, साहेब यांना ‘उस्तेद’. उस्तेदचा अर्थ ‘तुम्ही’ असला तरी त्याला ‘तो/ती’चं रूप लागतं : उस्तेद येवा. इथं बरेच जण अडखळतात आणि ‘उस्तेद येवास’ म्हणतात.

देशागणिक चाल बदलते. स्पेनमध्ये लोक ‘तू’वर लवकर येतात. कोलंबियाच्या बऱ्याच भागांत घरच्या माणसांतही ‘उस्तेद’ चालतं. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ आहे, आणि त्याचं रूप ‘येवाऽस’, जोर शेवटी. आपल्या रिवाजाप्रमाणे उस्तेदने सुरू करा. समोरच्याने ‘तू’ म्हणायला सांगितलं की मग तू.

६. ‘येवो लोस लिब्रोस’ म्हणतात, पण ‘येवो आ मी माद्रे’. मध्येच हा ‘आ’ कुठून आला?

मराठीतून पाहिलं तर उत्तर सोपं आहे. आपण ‘पुस्तकं नेतो’ म्हणतो, पण ‘मायला नेतो’. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला ‘ला’. वऱ्हाडीत ‘मायले दवाखान्यात नेतो’. तो ‘ले’ म्हणजेच हा ‘आ’. इंग्रजीत असं काही नसल्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा नियम पाठ करावा लागतो. तुमच्या तोंडात तो आधीच आहे.

येवो आ मी माद्रे आल ओस्पिताल – मी मायले दवाखान्यात नेतो.

या वाक्यातला ‘आल’ वेगळा. तो दिशा दाखवतो : ‘आ’ अधिक ‘एल’ मिळून ‘आल’. म्हणून एकाच वाक्यात दोनदा आ येतो.

जनावरांचं काय, असा पुढचा प्रश्न कास्तकारांच्या घरची मुलं हमखास विचारतात. तिथं दोन्ही भाषा सारख्याच डोलतात. ‘बैल बाजारात नेतो’ : येवो लोस बुएयेस आल मेर्कादो. विकायला नेलेले बैल, आ नाही. पण घरच्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर येवो आल पेर्रो आल वेतेरिनारियो. जिव्हाळ्याचं जनावर आलं की तिथंही ‘ला’ लागतो.

७. नेणे म्हणजे येवार, आणणे म्हणजे त्राएर. हे पाठ आहे, तरी फोनवर चुकते. काहून?

कारण फोनवर आपण मराठीत समोरच्याच्या जागी उभं राहून बोलतो. वरुडचा माणूस नागपूरच्या मित्राला सांगतो, ‘उद्या संत्री घेऊन येतो.’ तो आहे वरुडात, जाणार आहे नागपूरला, पण म्हणतो ‘येतो’. दारावर कुणी हाक मारली तरी आपण ‘आलो, आलो’ म्हणतो.

स्पॅनिशमध्ये बोलणारा आपली जागा सोडत नाही. मी जिथं आहे तिथून दूर जाणारं सगळं ‘इर’ (जाणे) आणि ‘येवार’. मी जिथं आहे तिथं येणारं सगळं ‘बेनिर’ (येणे) आणि ‘त्राएर’. म्हणून दाराशी जाताना ‘या वोय’, शब्दशः ‘जातोच आता’. आणि फोनवर :

मान्याना ते येवो लास नारांखास – उद्या तुझ्याकडे संत्री घेऊन येतो.

‘ते’ म्हणजे तुला. इथं ‘ते त्राइगो’ म्हटलं तर तुम्ही आधीच नागपुरात त्याच्यासमोर असल्यासारखं होतं. एकच कसोटी ठेवा : बोलताना माझे पाय कुठं आहेत? वस्तू त्या जागेपासून लांब चालली असेल तर येवार. मराठी वाक्यात ‘येतो’ आहे की ‘जातो’, तिकडे बघूच नका. इतर ठिकाणी मी मराठीचा आधार घ्यायला सांगतो, इथं तो सोडायला सांगतो.

संत्र्यांचा विषय निघालाच आहे तर : ‘नारांखा’ हा शब्द आपल्या ‘नारंगी’च्या कुळातला आहे. संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी, अशा वाटेने तो स्पेनला पोचला.

८. भूतकाळात ‘नेला, नेली, नेलं’ कसं करायचं?

करायचंच नाही. मराठीत भूतकाळी क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं : त्यानं बंडी नेली, पोतं नेलं, बैल नेले. स्पॅनिशमध्ये ते नेणाऱ्याप्रमाणेच राहतं : येवोऽ ला कार्रेता, येवोऽ एल साको, येवोऽ लोस बुएयेस. काय नेलं याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ‘त्यानं’मधल्या ‘नं’साठीही काही शोधू नका, नुसतं ‘एल’.

रूपं : येवेऽ (मी), येवास्ते (तू), येवोऽ (तो, ती, उस्तेद), येवामोस (आम्ही), येवास्तेइस (बोसोत्रोस), येवारोन (ते).

दोन ठिकाणी जपा. जोर पहिल्या अक्षरावर असलेलं येऽवो म्हणजे ‘मी नेतो’. जोर शेवटी आला की येवोऽ, म्हणजे ‘त्यानं नेलं’. लिहिताना हा फरक शेवटच्या ओवरच्या तिरक्या रेघेने दाखवतात. घाईत ती रेघ सोडली तर माणूसही बदलतो आणि काळही. दुसरं, येवामोस हे वर्तमानातही आहे आणि भूतकाळातही. ‘आयेर’ (काल) असा शब्द जोडला की गोंधळ मिटतो.

९. पर्यटकांना ‘पाणी सोबत ठेवा, लाल कपडे घालू नका’ असं सांगायचं आहे. कसं सांगू?

हा प्रश्न ताडोब्याकडच्या गाईड मुलांचा. दोन्ही अर्धवाक्यांत येवारच वापरा :

येवे आग्वा, इ नो येवे रोपा रोखा.

‘येवे’ हे उस्तेदचं आज्ञार्थी रूप, जोर पहिल्या अक्षरावर. जिप्सीत चार-पाच जण असतील तर ‘येवेन’. ‘तू’साठी होकारात ‘येवा’ आणि नकारात ‘नो येवेस’. इथं आदराची रूपं सोपी आहेत, होकार-नकारात बदलत नाहीत. म्हणून आधी तीच पक्की करा.

१०. शर्ट घातला आहे, चष्मा लावला आहे, दाढी ठेवली आहे. तिन्हीला येवार?

हो. येवो उना कामिसा, येवो गाफास, येवो बार्बा. मराठीतला ‘घातला आहे’ पाहून ‘ए येवादो’ असं पूर्ण वर्तमान रूप करू नका. अंगावर आत्ता आहे ना? मग साधा वर्तमानकाळ. अंगावर चढवण्याची क्रिया सांगायची असेल तर क्रियापद वेगळं, ‘पोनेर्से’. ‘शर्ट घालतोय, थांब’ हे पोनेर्से, ‘लाल शर्ट घातलेला माणूस’ हे येवार.

मेक्सिकोत याच अर्थाने ‘त्राएर’ ऐकू येईल, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘उसार’ही. तुमचं येवार सगळीकडे समजेल.

११. ‘दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकून राह्यलो’ हे कसं म्हणू? ॲपमधलं ‘एस्तोय आप्रेन्दिएन्दो’ इथं चालते का?

येवो दोस आन्योस आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल.

पुण्याकडे ‘शिकतोय’ म्हणतात, आपण विदर्भात ‘शिकून राह्यलो’ म्हणतो. ही दोन क्रियापदांची जोडी स्पॅनिश रचनेच्या फार जवळ आहे : एक मुख्य क्रिया (शिकून – आप्रेन्दिएन्दो) आणि तिला धरून ठेवणारं दुसरं क्रियापद (राह्यलो – येवो). क्रम तेवढा उलटा. शाळेत या बोलीबद्दल टोकलं गेलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. स्पॅनिश शिकताना तुमची वऱ्हाडी तुमच्या कामाची आहे, ती लपवू नका.

फरक एवढाच ध्यानात ठेवा. ‘आत्ता शिकून राह्यलो, नंतर फोन कर’ इथं एस्तोय आप्रेन्दिएन्दो. ‘इतक्या काळापासून शिकून राह्यलो आणि अजून चालू आहे’ इथं येवो, आणि काळाचा शब्द मध्ये. आपण बोलीत दोन्हीकडे एकच रचना वापरतो, स्पॅनिशमध्ये दोन आहेत.

दुसरी क्रिया नसेल तरी चालतं. येवो उन आन्यो एन वर्धा – वर्ध्यात येऊन एक वर्ष झालं.

नकारासाठी ‘नो’ वापरत नाहीत, ‘सिन’ (शिवाय) वापरतात. येवामोस त्रेस दियास सिन लुस – तीन दिवस झाले, लाइट नाही. ‘लुस’ म्हणजे प्रकाश, आणि बोलण्यात वीजसुद्धा, जसं आपलं ‘लाइट’. येवामोस उन मेस सिन यूविया – महिना झाला, पाऊस नाही.

जुन्या काळाबद्दल बोलायचं असेल तर फक्त ‘येवावा’ हे अपूर्ण भूतरूप घ्या. येवावा दोस आन्योस एन नागपूर म्हणजे ‘तेव्हा नागपुरात दोन वर्षं झाली होती’. या अर्थी प्रश्न ८ मधली रूपं (येवेऽ, येवोऽ) कधीच चालत नाहीत. मुक्काम संपला असेल तर ‘एस्तुवे दोस आन्योस’ म्हणा, ते वेगळ्या क्रियापदाचं रूप आहे.

१२. ‘मले नागपूरले जायले तीन तास लागले.’ यात येवार कसं बसते?

अगदी तसंच्या तसं. मे येवोऽ त्रेस ओरास येगार आ नागपूर. ‘मे’ म्हणजे मले. वेळ घेणारं काम कर्ता आहे आणि माणूस ‘ला’ लागून बाजूला. तुम्ही लागलात असं आपण म्हणत नाही, स्पॅनिशमध्येही ‘येवेऽ त्रेस ओरास’ म्हणत नाहीत. हे प्रश्न ११ मधल्या येवोशी मिसळू नका. तिथं माणूस कर्ता असतो आणि गोष्ट अजून चालू असते.

१३. मी माळकरी आहे. पदार्थात मटण-अंडं नाही ना, हे कसं विचारू?

एस्तो येवा कार्ने? – यात मांस आहे का? एवढ्यावर थांबू नका. ‘कार्ने’ म्हटल्यावर मासळी त्यात धरली जात नाही. म्हणून पुढे येवा पेस्कादो? (मासळी), येवा उएवो? (अंडं), येवा खामोन? (डुकराच्या मांडीचं मांस) असं एकेक विचारा.

पार्सल हवं असेल तर ‘पारा येवार’.

१४. ‘येवार’ आणि ‘येवार्से’ यात काय फरक आहे?

‘से’ जोडला की ‘स्वतःबरोबर घेऊन जाणे’ हा भाव येतो. दुकानात वस्तू पसंत पडली की ‘मे लो येवो’ – हे घेतो. पाहुण्याला डबा देताना ‘येवातेलो’ – घेऊन जा. आज्ञार्थाला सर्वनामं मागून चिकटतात, पण जोर ‘ये’वरच राहतो.

आणि पटणं : मे येवो बिएन कोन मी सुएग्रा – माझं सासूशी पटतं. पटत नसेल तर ‘बिएन’च्या जागी ‘माल’.

१५. ‘मी एर्मानो मे येवा दोस आन्योस.’ भाऊ मला दोन वर्षं कुठं नेतो?

कुठंच नाही. ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.’ एक माणूस कर्ता, दुसरा ‘मे/ते/ले’, आणि पुढे वर्षं, असं दिसलं की वयाचा फरक समजा. ‘मे’ नसेल आणि पुढे ठिकाण असेल तर प्रश्न ११ चा अर्थ.

१६. ऐकताना येवार आणि येगार सारखंच वाटते.

येगार म्हणजे पोचणे, प्रश्न १२ च्या वाक्यात ते येऊन गेलं. मधल्या व-ग वर कान ठेवा. अर्थाचीही मदत होते : येगारला कर्म नसतं. येगार बोलायला नियमित आहे, पण लिहिताना ‘येगेऽ’ (मी पोचलो) या रूपात जीनंतर यू घालावा लागतो, नाहीतर वाचताना ‘येखे’ होईल. येवारच्या स्पेलिंगमध्ये अशी कोणतीच अडचण नाही.

१७. रद्दीतून जुना स्पॅनिश शब्दकोश मिळाला. त्यात एलमध्ये येवार सापडत नाही.

एलचे सगळे शब्द संपल्यावर पुढे पाहा. आधी दोन एल हे वेगळं अक्षर धरत आणि त्याचा विभाग एलनंतर असायचा. १९९४ मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी ते शब्द एलमध्येच लावायचं ठरवलं. त्यानंतरच्या शब्दकोशांत येवार तुम्हाला एलच्या पानांत मिळेल. माद्रिदच्या रिआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, तोही असाच लावला आहे.

१८. ‘येवो लेईदास सिएन पाखिनास.’ इथं ‘लेईदास’ काहून? ‘लेईदो’ पाहिजे ना?

अर्थ ‘आतापर्यंत शंभर पानं वाचून झाली’. काम अजून बाकी आहे, इतकं झालं, हे सांगायला येवारपुढे असं धातुसाधित येतं. आणि ते वस्तूप्रमाणे बदलतं. पाखिनास स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून लेईदास. तीन पुस्तकं असतील तर येवो लेईदोस त्रेस लिब्रोस.

प्रश्न ८ मध्ये सांगितलं होतं की काय नेलं याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ते खरंच आहे : इथंही ‘येवो’ बदलत नाही, बदलतं ते त्याच्या सोबतचं धातुसाधित. ‘ए लेईदो सिएन पाखिनास’ या साध्या वाक्यात मात्र लेईदो तसंच राहतं. मोजता येणारी, टप्प्याटप्प्याने वाढणारी गोष्ट असेल तरच ही रचना घ्या : वाचलेली पानं, लिहिलेली पत्रं, भरलेली पोती. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आधी प्रश्न ६, १० आणि ११ पक्के करावेत, आणि हा त्यानंतर घ्यावा.